फ्लॉस कसा करावा: दोन दातांमधल्या जागेची नीट सफाई

फ्लॉस करणाऱ्या बहुतेकांची पद्धत एकच असते. दोरा दोन दातांमध्ये दाबून आत घालायचा, अडकलेला कण निघाला की ओढून बाहेर काढायचा आणि पुढच्या फटीकडे वळायचं. असं रोज करूनही हिरड्यांतून रक्त यायचं थांबत नाही, तपासणीत दोन दाढांच्या मध्ये कीड सापडतेच, आणि मग माणूस म्हणतो की फ्लॉसचा काही उपयोग नाही. उपयोग असतो. पण दोरा आत गेल्यावर आणि बाहेर येण्याआधी जे करायचं, नेमकं तेच या पद्धतीत राहून जातं. अडकलेले कण काढणं हे फ्लॉसचं दुय्यम काम आहे. मुख्य काम आहे दाताची बाजू पुसणं. एवढं मनात पक्कं झालं की दोरा किती घ्यायचा, बोटं कुठे ठेवायची, किती खोल जायचं, या सगळ्याची कारणं लगेच कळू लागतात.

ब्रश जिथे पोचत नाही

प्रत्येक दाताला पाच बाजू धरतात: ओठांकडची किंवा गालाकडची, जिभेकडची, चावण्याची आणि शेजारच्या दातांकडच्या दोन. ब्रश पहिल्या तीन बाजू चांगल्या साफ करतो. उरलेल्या दोन बाजूंना त्याचे केस जेमतेम कडेला लागतात. अक्कलदाढा सोडून तोंडात २८ दात धरले, तर अशा ५६ बाजू झाल्या. कितीही महागडा ब्रश घेतला आणि कितीही वेळ घासलं, तरी या बाजू तशाच राहतात.

त्यांच्यावर साचतो तो प्लाक. जिवाणू आणि त्यांनीच तयार केलेला चिकट पदार्थ यांचा हा पातळ थर असतो. दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच तो पुन्हा बसायला लागतो. दाताला तो इतका घट्ट चिकटतो की नुसत्या चुळा भरून निघत नाही, काहीतरी घासावंच लागतं. आपण खाल्लेल्या साखरेपासून यातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातले क्षार विरघळवतं. दातांच्या मधली कीड साधारणपणे दोन दात एकमेकांना टेकतात त्या जागेच्या किंचित हिरडीकडच्या बाजूला सुरू होते. आरशात ती दिसत नाही, सुरुवातीला दुखतही नाही, आणि बहुतेक वेळा एक्स-रेमध्येच पहिल्यांदा कळते.

हिरडीचं वेगळंच. दाताच्या कडेने हिरडी सुटी असते आणि तिच्या आत एक उथळ खाच असते. निरोगी हिरडीत ही खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. प्लाक तिथे उतरला की हिरडी सुजते, लाल होते, हात लागला की रक्त येतं. लाळेतल्या क्षारांमुळे हाच थर पुढे कडक होतो. त्याला टार्टर किंवा किटण म्हणतात. एकदा किटण बसलं की घरी कितीही फ्लॉस केलं तरी ते निघत नाही, डेंटिस्टकडे जाऊन दात साफ करून घ्यावे लागतात. सूज हिरडीपुरती असते तोवर ती पूर्ण बरी होते. मात्र ती खाली उतरून दाताला धरून ठेवणाऱ्या हाडापर्यंत गेली, तर झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही.

हिरडीची सूज किती लवकर येते आणि किती लवकर जाते, हे १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. निरोगी हिरड्या असलेल्या काही जणांनी त्यांच्या सांगण्यावरून दातांची सगळी सफाई बंद केली. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्या सुजलेल्या असताना फ्लॉस सुरू करायची भीती वाटते त्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

फ्लॉसच्या उपयोगाबद्दल शंका का घेतात

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या बातम्यांनी एकच खळबळ उडवली होती: फ्लॉसच्या फायद्याचे पुरावे कमजोर आहेत. ते खोटं नव्हतं. लोकांच्या हातात फ्लॉस देऊन केलेल्या चाचण्यांमध्ये फरक थोडाच दिसतो आणि त्या चाचण्याही फार भक्कम नाहीत. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एक बोलकी गोष्ट पुढे आली. ज्या मुलांचे दात प्रशिक्षित माणसांनी शाळेच्या दिवशी रोज फ्लॉस केले, त्यांच्यात पावणेदोन वर्षांच्या आसपासच्या काळात कीड लागण्याचा धोका ४० टक्क्यांनी कमी झाला. ही मुलं बहुतांशी दुधाच्या दातांची होती आणि त्यांना कीड रोखणारं फ्लोराइडही फारसं मिळत नव्हतं, हे खरं. पण मुलांनी स्वतःच्या हाताने फ्लॉस केला तेव्हा मात्र फरक दिसला नाही. दोऱ्यापेक्षा तो धरणारा हात महत्त्वाचा, असा मी याचा अर्थ लावतो, आणि म्हणूनच पद्धतीवर इतका भर देतो आहे.

कोणता फ्लॉस घ्यावा

यावर फार वेळ घालवू नका. मेण लावलेला दोरा घट्ट दातांमधून सहज सरकतो, नवशिक्यांनी तोच घ्यावा. बिनमेणाचा दोरा जरा पातळ असतो आणि साफ झालेल्या दातावर किरकिर वाजतो, त्यामुळे काम झालं की कानाला कळतं. पण घट्ट जागी तो लवकर विसविसतो. दात फारच जवळ असतील तर पीटीएफईची (म्हणजे टेफ्लॉनची) चपटी, गुळगुळीत पट्टी मिळते, ती फाटत नाही. दातांमध्ये जरा जागा असेल तर जाड किंवा फुलणारा फ्लॉस बरा. पुदिन्याचा स्वाद असला काय नि नसला काय, सफाईत फरक पडत नाही.

शिवणकामाचा दोरा मात्र वापरू नका. तो हिरडीला काचतो, आणि तुटला तर तुकडा आत राहतो.

आधी फ्लॉस की आधी ब्रश?

दोन्ही क्रम चालतात. माझा कौल आधी फ्लॉसला. दातांच्या मधला थर सुटा झाला की नंतरच्या ब्रशने तो बाहेर निघतो आणि पेस्टमधलं फ्लोराइड त्या मोकळ्या झालेल्या बाजूंपर्यंत पोचतं. २०१८ मधल्या एका छोट्या चाचणीतही हाच क्रम सरस ठरला होता. दुसरं कारण साधं आहे: ब्रश करून तोंड ताजंतवानं झालं की फ्लॉसचा कंटाळा येतो. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका, पण लगेच भरपूर पाण्याने चुळा भरू नका. नाहीतर दातांवर राहायला हवं ते फ्लोराइड धुऊन जातं.

दिवसातून एकदा पुरे, आणि ती वेळ शक्यतो रात्री झोपण्यापूर्वीची असावी. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे दातांना तिचं संरक्षण नसतं. रात्री डोळे मिटायला लागतात म्हणून रोज टाळलं जात असेल, तर दुपारी करा. घाईघाईने रात्री करण्यापेक्षा दुपारी शांतपणे केलेला फ्लॉस केव्हाही चांगला.

दोरा हातात धरताना

हात साबणाने धुऊन पुसून घ्या, ओल्या बोटांवरून दोरा घसरतो. आरशासमोर चांगल्या उजेडात उभे राहा. निदान पहिले काही आठवडे तरी, मग हातांना वाट कळते.

साधारण ४५ सेंटिमीटर दोरा तोडा. हाताच्या बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंतची लांबी घेतली तरी अंदाज बरोबर येतो. एवढा कशाला, असं वाटेल. पण प्रत्येक फटीला दोऱ्याचा नवा, कोरडा भाग लागतो. एकाच तुकड्याने सगळे दात पुसले तर एका जागेची घाण दुसऱ्या जागी नेली जाते, आणि भिजून लिबलिबीत झालेला दोरा थर नीट ओढतही नाही.

दोऱ्याचा मोठा भाग एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळा, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला दोन-तीन वेढे पुरेत. एका बोटावरून कोरा दोरा सुटत जाईल आणि वापरलेला दुसऱ्या बोटावर गुंडाळला जाईल. वेढे इतके आवळू नका की बोटाचं टोक निळं पडेल. मधल्या बोटांना गुंडाळायचं कारण असं की तर्जनी आणि अंगठे मोकळे राहतात, आणि खरं काम त्यांचंच आहे.

आता या मोकळ्या बोटांमध्ये दोरा ताणून धरा. दोन बोटांच्या टोकांमध्ये फक्त २ ते ३ सेंटिमीटर दोरा असू द्या. बहुतेकांची गडबड इथेच होते. हे अंतर पाच-सहा सेंटिमीटर झालं की दोऱ्यावरचा ताबा जातो. घट्ट जागेतून तो सुटतो तेव्हा बोटं त्याला आवरू शकत नाहीत आणि दोरा थेट हिरडीवर आपटतो. अंतर कमी ठेवायचं म्हणजे बोटं तोंडात खोल घालावी लागतात, हे सुरुवातीला अवघड वाटतं. पण त्याला दुसरा उपाय नाही.

वरच्या दातांसाठी एक अंगठा गालाच्या बाजूने आणि दुसऱ्या हाताची तर्जनी टाळूच्या बाजूने ठेवा. डाव्या बाजूला काम करताना डावा अंगठा बाहेर, उजवीकडे उजवा. समोरच्या दातांना दोन्ही अंगठे चालतात. खालच्या दातांसाठी दोन्ही तर्जनी वापरा, दोरा त्यांनी खाली दाबायचा.

मुख्य कृती

दोरा दोन दातांमध्ये उतरवताना दाबून घालू नका. एका दाताच्या बाजूला किंचित टेकवून, पुढे-मागे अगदी लहान हेलकावे देत हळूहळू सरकवा. दात जिथे टेकलेले असतात तिथे अडथळा लागतो. तो पार होतानाच सावध राहायचं असतं, म्हणून त्या क्षणी दोरा खाली ढकलण्याऐवजी एका दाताकडे ओढलेला ठेवा. सुटलाच तर तो हिरडीवर न आदळता दातावर राहील.

अडथळा पार झाला की हेलकावे थांबवा. इथून पुढे करवतीसारखं मागे-पुढे ओढायचं नाही. त्याने हिरडी चिरते, आणि दाताचा वक्र पृष्ठभाग पुसलाही जात नाही.

आता दोन्ही हात एकाच दिशेने, समजा मागच्या दाताकडे, न्या. दोरा त्या दाताला अर्धगोल वेढा घालेल, खांबाभोवती दोरी वळवावी तसा. दाताच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत तो टेकलेला असला पाहिजे. ताणून सरळ धरलेला दोरा वाकलेल्या पृष्ठभागावर एका बिंदूतच टेकतो, वेढा घातलेला दोरा मोठा भाग व्यापतो.

हा वेढा कायम ठेवून दोरा हिरडीच्या दिशेने हलकेच सरकवा. तो हिरडीच्या कडेखाली थोडासा आत जाईल, तिथे एक मऊ अडथळा जाणवेल. तिथे थांबा, त्यापुढे जोर लावू नका. हिरडी पांढरी पडली किंवा टोचल्यासारखं दुखलं तर दाब जास्त झालाय. मात्र भीतीपोटी हिरडीच्या वरच थांबलात तर सुजेचं मूळ असलेली जागा तशीच राहते. हिरडी आणि दात यांच्यामधली ती खाच हेच फ्लॉसचं मुख्य ठिकाण आहे.

तिथून दोरा दाताला घट्ट टेकवून टेकण्याच्या जागेपर्यंत आणा, पुन्हा हिरडीखाली न्या. असं वर-खाली चार-पाच वेळा करा. हालचाल नेहमी दाताच्या उंचीच्या दिशेने असावी. दाब दातावर असावा, हिरडीवर नाही.

एका दाताची बाजू झाली. पण त्या फटीत दुसऱ्या दाताचीही बाजू आहे, आणि ती सोडणारे खूप आहेत. दोन दातांच्या मध्ये हिरडीचं एक त्रिकोणी टोक असतं. दोरा थेट पलीकडे ओढलात तर ते टोक कापलं जाईल. म्हणून दोरा आधी टेकण्याच्या जागेपर्यंत आणा, मग दोन्ही हात विरुद्ध दिशेला नेऊन पुढच्या दाताला वेढा घाला, आणि पुन्हा हिरडीखाली उतरून चार-पाच वेळा पुसा.

बाहेर काढताना आत घालताना केलं तसेच लहान हेलकावे देत काढा. फिलिंग किंवा कॅप जरा सैल वाटत असेल, तर वर न ओढता एका बोटावरचा दोरा सोडा आणि तो बाजूने ओढून काढा. मग दोन्ही बोटांवर थोडं सोड-गुंडाळ करून कोरा भाग घ्या आणि पुढे चला.

क्रम ठरवून ठेवा. वरच्या उजव्या टोकाच्या दाढेपासून सुरू करून वरच्या डाव्या टोकापर्यंत, मग खाली उतरून डावीकडून उजवीकडे. रोज तोच क्रम असला की कुठलीही फट सुटत नाही. आणि शेवटच्या दाढांची मागची बाजू विसरू नका. तिथे शेजारी दात नसतो, म्हणून ती फटीत मोजली जात नाही, पण तिथे ब्रशही नीट पोचत नाही. दोरा दाढेच्या मागे नेऊन दोन्ही हात पुढे ओढा, वेढा बसेल, मग तसंच वर-खाली. तोंड फार मोठं न उघडता जरा सैल ठेवलं तर गालाला ताण बसत नाही आणि बोटं आत जातात.

सुरुवातीला या सगळ्याला बराच वेळ लागतो. सरावाने दोन-तीन मिनिटांत होतं. एकदम सगळं जमत नसेल तर पहिला आठवडा फक्त खालच्या समोरच्या दातांवर हात बसवा. तिथे दिसतंही नीट आणि किटणही तिथेच लवकर जमतं. मग दाढांकडे जा.

रक्त आलं तर

पहिल्या काही दिवसांत थोडं रक्त येणं अगदी अपेक्षित आहे. रक्त आलं म्हणून फ्लॉस बंद करणं ही सगळ्यांत मोठी चूक. सुजलेल्या हिरडीतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या आणि नाजूक असतात, म्हणून हलक्या स्पर्शानेही रक्त येतं. सूज उतरवायची तर तिथला प्लाक काढायलाच हवा. हलक्या हाताने रोज फ्लॉस केला तर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबतं. रक्त फक्त एकाच जागी, आणि दुखण्यासकट येत असेल, तर आधी स्वतःची पद्धत तपासा, दोरा तिथे आदळत असेल.

दोन आठवडे नीट फ्लॉस करूनही रक्त येत असेल तर डेंटिस्टला दाखवा. बहुधा हिरडीखाली किटण असतं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सहज सुजतात, मधुमेहात हिरड्यांचा आजार लवकर वाढतो आणि त्या आजारामुळे साखरही आवरायला अवघड जाते. अशा वेळी तपासणी लांबवू नये. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्त जरा जास्त येऊ शकतं. ती औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि फ्लॉसही सोडू नका, डेंटिस्टला औषधाचं नाव सांगा.

उलट गोष्टही लक्षात असू द्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून आजार असूनही कमी रक्त येतं. त्यामुळे रक्त येत नाही म्हणजे सगळं ठीक, असा निष्कर्ष त्यांनी काढू नये.

दोरा काय सांगतो

रोज फ्लॉस करणाऱ्याला स्वतःच्या तोंडाची बरीच माहिती आपोआप मिळते, आणि मला ही सवय आवडते त्याचं हे एक मोठं कारण आहे. दोरा एकाच ठिकाणी दरवेळी विसविसत असेल, तर तिथे फिलिंगची कड खडबडीत आहे, किटण आहे किंवा कीड लागून दाताला धार आली आहे. आतापर्यंत घट्ट असलेल्या जागेतून दोरा अचानक सैल जाऊ लागला आणि तिथे सारखे कण अडकू लागले, तरीही दाखवून घ्या. दोन दात एकमेकांपासून सुटले की हिरडीवर अन्न दाबलं जातं आणि तिथे खोल खड्डा पडतो. एखाद्या फटीतून काढलेल्या दोऱ्याला रोजच घाण वास येत असेल, तर तिथले जिवाणू गंधकयुक्त वायू सोडत आहेत. श्वासाच्या दुर्गंधीचा उगम पुष्कळदा अशाच जागेत असतो, आणि त्यावर माउथवॉशचा मुलामा देऊन भागत नाही.

दोरा अडकून बसला तर खेचाखेच करू नका. एक टोक सोडा आणि दुसरं बाजूला ओढा. तुकडा आत राहिला तर त्याच फटीत मेणाचा नवा दोरा घालून बाजूने ओढला की बहुधा तो निघतो. सुई, पिन, टाचणी असलं काही कधीही घालू नका.

दोऱ्याऐवजी दुसरं काही

यू किंवा वाय आकाराच्या प्लास्टिकच्या काडीवर ताणलेला फ्लॉस बोटांत ताकद नसलेल्यांना, हात थरथरणाऱ्यांना सोयीचा. त्यात दोरा सरळ ताणलेला असतो, म्हणून वेढा घालायचा तर काडी आधी मागे आणि मग पुढे ढकलून दोरा एकेका दातावर दाबावा लागतो. प्रत्येक फटीनंतर काडी पाण्याखाली धरा, कारण दोऱ्याचा नवा भाग मिळत नाही. काडी नको असेल तर दोऱ्याची गाठ मारून २० ते २५ सेंटिमीटर परिघाचं कडं करा आणि ते दोन्ही हातांच्या बोटांत धरा. बोटांना गुंडाळावं लागत नाही, कडं फिरवत गेलं की नवा भाग मिळतो.

दातांमध्ये जागा असेल, हिरड्या खाली सरकल्या असतील, तर दातांमध्ये घालायचा छोटा ब्रश फ्लॉसपेक्षा चांगला. दाताच्या मुळावर काही ठिकाणी खोलगट भाग असतो, वरच्या पहिल्या उपदाढेच्या, म्हणजे सुळ्यामागच्या दाताच्या, पुढच्या बाजूला तर हमखास. ताणलेला दोरा त्या खळग्यावरून पुलासारखा जातो आणि खळगा तसाच राहतो, ब्रशचे केस मात्र आत जातात. माप नीट हवं: केस दातांना घासले पाहिजेत, पण मधली तार दाताला लागता कामा नये. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात, पहिल्यांदा डेंटिस्टकडूनच ठरवून घ्यावीत. ब्रश जोराने घुसवायचा नाही, अडला तर लहान माप घ्यायचं.

पाण्याच्या धारेचं यंत्र दात सरळ करायच्या तारा लावलेल्यांना, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) आणि इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात) असलेल्यांना उपयोगी पडतं, हिरड्यांचं रक्तही कमी करतं. घट्ट टेकलेल्या दातांवरचा चिकट थर पुसायचं काम मात्र मी दोऱ्यावरच सोपवीन. यंत्र नवं असेल तर सगळ्यात कमी दाबाने सुरू करा, बेसिनवर वाका आणि ओठ जरा मिटलेले ठेवा.

तारा, ब्रिज, इम्प्लांट

तारा लावल्या असतील तर दोरा वरून घालता येत नाही. प्लास्टिकची सुईसारखी कडी मिळते, तिच्यात दोरा ओवून तारेखालून न्यायचा आणि मग नेहमीसारखा वेढा घालायचा. ब्रिजच्या मधल्या खोट्या दाताखाली अन्न आणि प्लाक साचतो. तिथे टोक कडक, मध्ये स्पंजसारखा फुललेला आणि पुढे साधा दोरा असलेला खास फ्लॉस मिळतो. कडक टोक ब्रिजखालून आरपार न्या, फुललेल्या भागाने खालची बाजू पुसा, शिवाय ब्रिज ज्या दातांवर बसला आहे त्यांच्या बाजूही पुसा. इम्प्लांटचा खडबडीत भाग उघडा पडला असेल तर दोऱ्याचे तंतू तिथे अडकून हिरडी चिघळू शकते. अशा ठिकाणी योग्य मापाचा छोटा ब्रश चांगला, आणि काय वापरायचं ते इम्प्लांट बसवणाऱ्यालाच विचारावं. दात काढला असेल तर त्या जागेला भरून येईपर्यंत हात लावू नका, बाकीचे दात चालू ठेवा.

लहान मुलांचे दात

दोन दात एकमेकांना टेकू लागले की त्या फटीत फ्लॉस सुरू करावा. दुधाच्या दातांमध्ये बऱ्याचदा मोकळ्या फटी असतात, तिथे ब्रश पुरतो. पण मागच्या दोन दुधाच्या दाढा टेकलेल्या असतात आणि मुलांत दोन दातांमधली कीड तिथेच सर्वाधिक दिसते. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून दुर्लक्ष करू नये. त्या दाढा साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात. कीड लागून लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात.

मुलाला मांडीवर डोकं ठेवून झोपवा, तुम्ही त्याच्या डोक्याकडून वाकून पाहा. उजेड थेट तोंडात पडतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. काडीचा फ्लॉस इथे दोऱ्यापेक्षा सोपा. सगळं तोंड एका दमात करायचा हट्ट नको. आधी चार जागा करा: वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, मागच्या दोन दाढांच्या मधल्या. मूल शांत असेल तर पुढे जा. साधारण आठ ते दहा वर्षांपर्यंत बोटांवर तेवढा ताबा येत नाही, म्हणून तोवर फ्लॉस मोठ्यांनीच करावा. नंतर मुलाला आरशासमोर करू द्या आणि काही महिने शेवटच्या दाढा तुम्ही स्वतः पुन्हा एकदा पुसून घ्या.